मुशीचा बर्फ

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुझं प्रोटीन खराब आहे." मी कागद वाचला आणि तसाच परत त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, "माझं प्रोटीन खराब नाही. दुसरं काहीतरी खराब आहे, ते शोधा."

खोलीत आम्ही तिघंच होतो. सर, म्हणजे पोयनाडच्या पुढे औद्योगिक वसाहतीत असलेल्या आमच्या लहानशा कंपनीचे मालक. डॉक्टरबाई, म्हणजे परदेशातून पीएचडी करून आलेल्या आमच्या वरिष्ठ. आणि मी, अलिबागच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली थळची कोळीण. सरांना कागद परत घ्यायची सवय नव्हती. ते म्हणाले, "आवाज खाली. हा मासळी बाजार नाही."

हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलेय. पूर्वी ऐकलं की मान खाली जायची. आता नाही जात. मी म्हटलं, "बाजारात नासका माल विकला तर गिऱ्हाईक तोंडावर आणून फेकतं, सर. म्हणून तिथं कोणी न बघता बोलत नाही." डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. दोन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल होता आणि बाहेर बघण्यासारखं उन्हाशिवाय काहीच नव्हतं.

मी काय करते ते आधी सांगायला हवं. आपल्या मेंदूतल्या पेशींमध्ये एक प्रोटीन असतं, अल्फा-सिन्युक्लिन नावाचं. एरवी ते गुमान आपलं काम करतं. पण काही माणसांत ते वाकडं वळतं, गुठळ्या धरतं, आणि एकदा गुठळी झाली की ती शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही आपल्यासारखं करत सुटते. पार्किन्सन म्हणतात तो आजार त्यातून येतो असं मानतात. मेंदूतून तर हे प्रोटीन काढता येत नाही. म्हणून माणसातली त्याची कृती, म्हणजे ते बनवणारं जनुक, एका जिवाणूत घालायची, जिवाणू रश्श्यासारख्या द्रवात वाढवायचे, फोडायचे, आणि त्यातून गाळत, धूत, निवडत तेवढं एकच प्रोटीन बाजूला काढायचं. शेवटी हातात येतं ते पाण्यासारखं नितळ काहीतरी, नखाएवढ्या बाटल्यांमध्ये. ते मी करते. डॉक्टरबाई करत नाहीत, सर करत नाहीत, मी करते.

त्याचा उपयोग आईला सांगायला मला बरेच दिवस लागले. शेवटी म्हटलं, विरजण समज. माझं प्रोटीन म्हणजे दूध. पेशंटच्या पाठीच्या कण्यातलं थेंबभर पाणी त्यात टाकायचं आणि ऊब देऊन हलवत ठेवायचं. त्या थेंबात आजाराची एक जरी गुठळी असेल तर दूध लागतं, म्हणजे माझं सगळं प्रोटीन गुठळ्या धरतं, आणि त्यात घातलेला रंग चमकायला लागतो. आजार नसेल तर ते नितळच राहतं. आई म्हणाली, "न् बिन विरजनाचं लागलं तं?" तिने पहिल्याच दमात नेमकी जागा पकडली. विरजणाशिवाय दूध लागायला लागलं तर कुणाच्या थेंबात काय होतं ते कळणारच नाही, आणि सगळी चाचणी वाया.

सरांच्या कागदावर तेच होतं. तपासणीच्या प्लेटमध्ये काही वाट्या कोऱ्या ठेवतात, त्यांत प्रोटीन आणि शुद्ध पाणी एवढंच. त्या चमकायला नकोत. आमच्या लागोपाठ तीन खेपांच्या कोऱ्या वाट्या चमकल्या होत्या. मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात ही चाचणी बसवणं चाललं होतं त्यांना माल पाठवणं थांबलं होतं. सरांनी ठरवलं होतं की आता प्रोटीन बाहेरून मागवायचं आणि मला पॅकिंगला बसवायचं.

मला राग आला तो नुसता माझ्यासाठी नव्हता. आमच्या आळीत एक तांडेल काका होते. चाळिशीतच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत, पण अख्खा गाव म्हणायचा की पिऊन पिऊन हात गेला. होडीवर घेईनात, लग्नात पंगतीला बाजूला बसवायचे. आजाराचं नाव कळलं तेव्हा त्यांचं बोलणंसुद्धा गेलं होतं, त्यामुळे गावाला ते उलट उत्तरही देऊ शकले नाहीत. ही चाचणी तेव्हा असती तर त्यांच्या वतीने कागद दाखवून चार तोंडं तरी मी बंद केली असती. म्हणून माझं प्रोटीन नितळ हवं. त्याच्यावर कोणी उगाच बोट ठेवलं तर मी गप्प बसणारी नाही.

"एक सीलबंद बाटली हॉस्पिटलात पाठवा," मी सरांना म्हटलं. "त्यांच्याच हातांनी उघडू दे, त्यांच्याच यंत्रात लावू दे. कोऱ्या वाट्या चमकल्या तर मी स्वतः पॅकिंगला जाऊन बसते, तुम्हाला सांगावं लागणार नाही." सर म्हणाले, "आणि नाही चमकल्या तर?" मी म्हटलं, "तर तुम्ही मासळी बाजाराबद्दल पुन्हा बोलायचं नाही." ते हसले. मी हसले नाही.

बाटली गेली. उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते, आणि तेवढे दिवस कंपनीत माझ्याशी सगळे असं वागत होते की मी कुठलातरी खटला हरून आलेय. त्यात बर्फाचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे रोज सकाळी सगळ्यांच्या नजरेसमोरून थर्माकोलची पेटी घेऊन आत जावं लागायचं.

ही बर्फाची गोष्ट अशी. मार्चअखेर आमचं बर्फ करायचं यंत्र बंद पडलं. सुटा भाग येईना. बर्फाशिवाय दोन जागी अडत होतं. एक तपासणीचं टेबल, जिथे गोठलेलं प्रोटीन बर्फावर ठेवून हळूहळू वितळवतात. दुसरी डॉक्टरबाईंची आतली खोली. तिथे मुद्दाम गुठळ्या केलेलं प्रोटीन असतं, म्हणजे चाचणी चालते की नाही हे बघायला ठेवलेलं विरजण. त्या गुठळ्यांचा एका दांडीच्या कंपनांनी भुगा करायचा असतो, आणि ते करताना नळी गरम होऊ नये म्हणून बर्फाच्या बादलीत रोवून ठेवतात. माझ्या स्वतःच्या खोलीत बर्फ लागतच नाही, माझं सगळं काम शीतकपाटात चालतं. पण सर्वांची अडचण बघून मीच म्हटलं, मी आणते. आमच्या घरापासून बर्फाचा कारखाना हाकेवर आहे आणि तिथले लोक आईला ओळखतात. चुरा केलेला बर्फ पेटीत भरायचा, वर गोणपाट, आणि सकाळची एसटी. कंडक्टर रोज विचारायचा, "ताई, आज सुरमई की कोलंबी?" मी रोज सांगायची, "मेंदू." चौथ्या दिवसापासून त्याने विचारणं सोडलं आणि पेटी ठेवायला मागची सीट रिकामी करून द्यायला लागला.

वाटेत वितळून पेटीत पाऊणच बर्फ उरायचा. तो तपासणीच्या टेबलाशेजारच्या मोठ्या डब्यात भरून ठेवायची आणि दिवसभर सगळे त्यातून घ्यायचे. थेंब थेंब पुरवून वापरावा लागायचा.

मेच्या मध्यावर हॉस्पिटलाचं उत्तर आलं. त्यांच्याकडे उघडलेल्या बाटलीतल्या कोऱ्या वाट्या शेवटपर्यंत नितळ राहिल्या होत्या. डॉक्टरबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सर म्हणाले, "चांगलं आहे." मी म्हटलं, "चांगलं आहे नाही, सर. स्वच्छ आहे म्हणा." त्यांनी म्हटलं. मला त्या वेळी किती आनंद झाला ते लपवण्यात अर्थ नाही. तीन आठवडे घशात अडकलेला काटा निघाला होता, आणि आता मला कोणीही काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्या आनंदात पुढचं बोलणं मी अर्धवटच ऐकलं. प्रोटीन स्वच्छ आहे म्हणजे आमच्याच इमारतीत कुठूनतरी आतल्या खोलीतल्या गुठळ्या तपासणीच्या टेबलावर पोचताहेत. ते कसं? डॉक्टरबाई आतल्या खोलीतला कोट बाहेर घालत नाहीत. मी आत जात नाही. मग दोन्ही खोल्यांत जाणारं कोण? सर म्हणाले, "फडकं. एकच फडकं दोन्हीकडे फिरत असणार." म्हणजे मावशी. आमच्याकडे झाडलोट, भांडी धुणं आणि बादल्या रिकाम्या करणं हे एका मावशींकडे होतं. जवळच्याच भातशेतीच्या गावातल्या, पन्नाशीच्या, बोलायला कमी. त्या दारातच उभ्या होत्या, चहाचे कप न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माजी दोन फडकी हायती, सायेब. आतलं येगळं, भायेरचं येगळं." सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशीपासून कंत्राटदाराने दुसरी बाई पाठवली. मला कळलं तेव्हा मी हळहळले आणि कामाला लागले.

मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस होते. त्या रविवारी आईची कंबर धरली होती म्हणून मी तिच्यासोबत अलिबागच्या बाजारात बसले. लहानपणापासून मी तिथे बसलेय, मला लाज नाही. कॉलेजातल्या मुली समोर आल्या तरी मी मुद्दाम मोठ्याने भाव सांगायची. त्या दिवशी तीन पाट्या होत्या. एकीत पापलेट, एकीत बांगडे, आणि तिसरीत दोन मुशी, म्हणजे लहान शार्क. दुपारपर्यंत मुशी गेल्या. त्यांच्याखालचा बर्फ अजून निम्मा होता, कडक, छान. आमच्या घरात बर्फ फेकत नाहीत. भात उरला तर कोंबड्यांना जातो, कपडा फाटला तर त्याचं पोतेरं होतं, पण बर्फ वितळेपर्यंत बर्फच असतो आणि तो पेटीत परत जातो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, हातालाच माहीत आहे. मी ओंजळीने तो बर्फ उचलला आणि पेटीकडे वळले.

आईने माझ्या मनगटावर फाटकन चापट मारली. बर्फ फरशीवर सांडला.

"आगो, तो बरफ कुठं टाकतेस? मुशीखालचा हाय तो! पेटीत गेला तं सगली पापलेटं बास मारतील. मुशीचा बरफ पेटीत जात नाय. इतकी शिकलीस न् येवरं कलत नाय तुना?"

शेजारची कोळीण हसली. "साहेबीन झायली ना, ईसरली," ती म्हणाली. मुशीला मेल्यावर एक उग्र वास सुटतो, डोळ्यांत जाणारा. धुतल्याने जातो, पण बर्फात उतरला की तो बर्फ ज्याला लागेल त्याला धरतो. हे मला माहीत होतं. पाचवीत असताना ह्याच चुकीसाठी मी मार खाल्ला होता. माहीत असलेलं नोकरीच्या वर्षांत कुठेतरी गळून पडलं होतं. बर्फ फेकायचा नाही ही अर्धी रीत हातात राहिली होती, आणि मुशीचा बर्फ परत घालायचा नाही ही उरलेली अर्धी गेली होती.

मी तिथेच पाटावर बसून राहिले. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि आई मला हाक मारत होती, पण माझ्या डोळ्यांसमोर आतल्या खोलीच्या दाराबाहेरची बादली होती. डॉक्टरबाई काम संपलं की ती बाहेर ठेवायच्या. नियमाप्रमाणे मावशींनी ती न्हाणीत ओतायची. पण मार्चपासून, यंत्र बंद पडल्यापासून, मी रोज दुपारी तिथून जाताना त्या बादलीत हात घालून बघायची. बर्फ अजून कडक असायचा. मी इतक्या लांबून एसटीत मांडीला लावून आणलेला बर्फ. मी ती बादली उचलायची आणि मोठ्या डब्यात परत ओतायची. एकदाही मनात दुसरा विचार आला नाही. ज्या बर्फात उघड्या नळीत गुठळ्यांचा भुगा केला होता, ज्याच्यावर त्या भुग्याचे न दिसणारे शिंतोडे उडालेले होते, तोच बर्फ मी तपासणीच्या टेबलाला वाढत होते.

कोऱ्या वाट्या बिघडायला लागल्या त्याही यंत्र बंद पडल्यावरच. ते कुणी जुळवून बघितलं नव्हतं, आणि सगळ्यांत आधी मीच बघितलं नव्हतं.

सोमवारी मी कुणाला काही न सांगता प्लेट लावली. डब्याच्या तळाचं बर्फाचं पाणी घेतलं. एका ओळीत प्रोटीन आणि शुद्ध पाणी, दुसऱ्या ओळीत प्रोटीन आणि ते बर्फाचं पाणी. प्रोटीनची नळी बर्फावर ठेवलीच नाही, शीतकपाटात वितळवली. यंत्रात घालून झाकण लावलं. मनात एकच होतं, दोन्ही ओळी नितळ राहू देत. मी नास्तिक नाही, पण त्या तीन दिवसांत एकवीरा आईकडे हे मागायची मला हिंमत झाली नाही. मागणंच खोटं होतं.

गुरुवारी सकाळी पहिली ओळ नितळ होती. दुसरी पूर्ण चमकत होती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गप्प राहिले. पूर्ण एक दिवस. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. यंत्राचा भाग त्याच आठवड्यात आला होता, ते सुरू झालं होतं, आता मी बर्फ आणणार नव्हते आणि कोऱ्या वाट्या आपोआप सुधारणार होत्या. सगळे म्हणणार होते, मावशी गेली आणि काम नीट झालं. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. घरी परतताना एसटीत मी मागच्या सीटवर बसले, पेटी नव्हती, तरी सकाळच्याच कंडक्टरने सवयीने ती सीट मोकळी ठेवली होती. मला तिथे बसवेना. उभी राहिले थळपर्यंत.

शुक्रवारी मी प्लेटचा कागद सरांच्या टेबलावर सरकवला. माझ्यासारखा त्यांनी तो परत सरकवला नाही. मी सगळं सांगितलं, मुशीसकट. डॉक्टरबाई ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "बादली मी बाहेर ठेवायला नको होती." मी म्हटलं, "तुम्ही ठेवलीत ती फेकायला. मी उचलली."

सरांनी कागदाची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हॉस्पिटलला काय लिहायचं? बर्फयंत्राचा बिघाड असं लिहू. खोटंही नाही ते. तुझं नाव घालून काय मिळणार? लोक काय म्हणतील, बाजारातल्यासारखा..." आणि थांबले. आमचा करार त्यांना आठवला असावा.

"म्हणा ना," मी म्हटलं. "बाजारातल्यासारखा बर्फ फिरवला म्हणा. पण बाजाराला नावं ठेवू नका. बाजारात मुशीचा बर्फ परत पेटीत जात नाही. बाजाराची रीत मी पाळली असती तर हे झालंच नसतं. लिहायचं तर असं लिहा की बर्फ मी परत टाकला, माझ्या नावाने. आणि मावशींना परत बोलवा."

"अगं, कंत्राटदाराचा प्रश्न आहे तो. आणि तू उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस."

"माझा पाय आहे."

मी तिथेच कागद मागून घेतला आणि मराठीत लिहून दिलं, सही केली. यंत्र बिघडलं ही ओळ सरांनी सुचवली तिथे मी काट मारली. मावशी येईपर्यंत मी माझी खोली उघडणार नाही असंही सांगितलं. ही धमकी होती, आणि ती तशीच घ्यावी असंही सांगितलं. त्यांच्याकडे माझ्याशिवाय ते प्रोटीन करणारं कुणी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. स्वतःच्या चुकीची कबुली देताना मी इतकी ताठ का उभी होते, असं डॉक्टरबाईंनी मला नंतर विचारलं. वाकून सांगितलं असतं तर त्यांनी ती चूक पदराखाली झाकून टाकली असती, म्हणून.

मला तीन महिने पॅकिंगला बसवलं. मावशी आल्यावर प्रोटीनच्या चार खेपा करायच्या आणि उरलेला वेळ डबे बांधायचे असं ठरलं. मी डबे बांधले. वाकडा एक चिकटपट्टीचा तुकडा कुणाला सापडला असेल तर दाखवावा. बर्फाच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, "आतल्या खोलीतला बर्फ ह्यात परत टाकायचा नाही," आणि खाली माझं नाव. सर म्हणाले, नाव कशाला, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, नियम कुणामुळे आला ते कळू दे. तो कागद अजून तिथेच आहे. नवीन आलेल्या मुली वाचतात आणि माझ्याकडे बघतात, मीही त्यांच्याकडे बघते.

मावशी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत आल्या. सरांनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. मी पॅकिंगच्या टेबलावरून उठून त्यांच्याकडे गेले. मी बोलायची तयारी करून गेले होते, पण त्याच आधी बोलल्या.

"ती बादली तुमी रिकामी करायच्या व्हय? मी रोज दुपारची बगायची, बादली रिकामीच. मला वाटायचं, ताई माजं काम हलकं करतायत. घरी पोरीला पन बोललेली, तितं एक ताई हाय, लय चांगली हाय."

मला तोंड वर करवेना. मी म्हटलं, "मावशी, चूक माझी होती. मी लिहून दिलंय."

"लिवून दिलं ते बरं केलंत. साऱ्यांसमोर बोललात, ते बी बरं केलंत." त्यांनी पदराने हात पुसले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पन एक इचारू? त्या दिशी मी दारात हुबी व्हते. माज्याकडं दोन फडकी हायती, म्हून बोलले. तवा तुमाला कुटं ठावं व्हतं बरफाचं? न्हाय ना? मग तवा गप का बसलात? तुमच्या त्या औषदासाटी तर लय भांडलात."

बर्फाची चूक मला माहीत नव्हती, ती माझ्या हाताने केली. ही मात्र माहीत असून केली होती. दोन फडकी आहेत की नाहीत हे बघायला न्हाणीपर्यंत दहा पावलं होती आणि मी गेले नव्हते. त्या दिवशी माझं प्रोटीन स्वच्छ ठरलं होतं आणि मला तेवढं पुरे झालं होतं.

"भांडायला हवं होतं," मी म्हटलं.

"व्हय," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी आतल्या खोलीच्या दाराबाहेरची बादली उचलली, माझ्यासमोरून न्हाणीत नेली, आणि त्यातला कडक, पांढरा, अजून दिवसभर पुरला असता असा बर्फ मोरीत ओतून वर नळ सोडला. तो पूर्ण वितळेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. मीही होते.